ट्रक सोडला, पुढे काय?

लांब पल्ल्याचा ट्रक सोडून शहरात टेम्पो, स्कूलबस किंवा टॅक्सी धरलेल्या चालकांना विचारा, फायदा झाला का? पैशाचे उत्तर अडखळत येते. गाडीचा हप्ता आणि अ‍ॅपचे कमिशन कमाई खातात. रात्री घरी जेवतो, हे मात्र ते लगेच सांगतात. एवढ्यासाठी माणसे काम बदलतात, हे मालवाहतूकदारांनी मनावर घ्यावे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. महामार्गावर ती पाळली कोणी? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे स्वागतार्हच. पण गोदामाबाहेर ताटकळण्याचा मोबदला आणि हक्काची सुट्टी कुठे आहे? सरकारने आधी कामाचे तास तपासावेत.