बेशुद्ध माणसाचे कोर्ट कोणते?

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

माझे गाव शनिशिंगणापूर. माझा मावसभाऊ गेल्या हंगामात बेळगावकडे ऊसतोडीला गेला. तिथे ट्रॅक्टर उलटून डोक्याला मार बसला. तो अजून शुद्धीवर नाही. उपचार बेळगावात, बँकेतले पैसे आणि सव्वा एकर जमीन इकडे नेवासा तालुक्यात. दवाखान्याचे बिल आहे, मुकादमाची उचल फिटायची आहे. वहिनी पैसे काढायला गेली तर बँकेने सांगितले, पालक नेमल्याचा कोर्टाचा हुकूम आणा. बँकेचे नियमाने बरोबर असेल. पण हुकूम कोणत्या कोर्टाचा, हे वकीलही छातीठोकपणे सांगेनात.

लहान मूल असते तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात उत्तर आहे: ते एरवी राहते तिथले जिल्हा न्यायालय. माणूस सज्ञान झाला की तो कायदा संपतो. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात अशा ठरावीक अपंगत्वांपुरता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातला प्रतिनिधी उपचारांपुरता. जमीन, पैसा त्याच्या हाती नाही. उरते उच्च न्यायालय. केरळ उच्च न्यायालयाने बेशुद्ध रुग्णांसाठी 2019 साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, कारण कायदाच नव्हता.

आणि उच्च न्यायालय तरी कोणते? अनुच्छेद 226 प्रमाणे प्रकरणाचे कारण अंशतः घडले तिथेही दाद मागता येते. म्हणजे धारवाडचे खंडपीठही, छत्रपती संभाजीनगरचेही. रुग्णाला तपासायचे बेळगावात, सातबारा पाहायचा नेवाशात. दोन्हीकडच्या वकिलांची फी एका ऊसतोड बाईने कुठून आणायची?

भान हरपलेल्या माणसाच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न परिचारिका अरुणा शानबाग यांच्याही बाबतीत आला होता. त्या मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. 1973 पासून 2015 पर्यंत त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात पडून होत्या. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा मान केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण इतकी वर्षे त्यांना सांभाळले ते त्यांनीच. रोज उशाशी कोण बसते, हे न्यायालयाने पाहिले. मला तो निकाल तेवढ्यासाठी जवळचा वाटतो.

कोणत्या कोर्टात जायचे, हा गोंधळ अमेरिकेतही राज्याराज्यांत होता. 2007 च्या नमुना कायद्याने तो बराच सोडवला: अर्जाआधीचे सहा महिने माणूस ज्या राज्यात राहिला, ते त्याचे गृहराज्य. तात्पुरता बाहेर गेलेला काळही त्यात धरतात. आपल्याकडे ही तरतूद सोन्यासारखी ठरेल. तोडणीचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा. कोयता घेऊन कर्नाटकात गेलेल्या माणसाचे गाव काही बदलत नाही.

तेव्हा सज्ञानांच्या पालकत्वाचा कायदा करा. अधिकार जिल्हा न्यायालयाला द्या. आमचे जिल्ह्याचे ठिकाण नगर पस्तीस किलोमीटरवर आहे, तिथे वहिनी एसटीने जाऊन संध्याकाळी परत येऊ शकते. नगरचा हुकूम बेळगावच्या दवाखान्यानेही मानलाच पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहा. पालकाने खर्चाचा हिशेब ठरावीक मुदतीने कोर्टात द्यावा, आमची त्याला हरकत नाही.

सोमवारी वहिनी पुन्हा बेळगावला निघते आहे. कागदांची पिशवी सोबत न्यायची की इथेच वकिलाकडे ठेवायची, असे तिने मला काल विचारले. मी अजून उत्तर दिलेले नाही.

आपला,
शनिशिंगणापूरचा एक रहिवासी