गिटार माझ्या मापाची

कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला हसायचं तर खुशाल हसा. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता. कारण "तुझी बोटंच लहान आहेत गं, तू युकलेले घे" हे वाक्य मी मराठीतच ऐकलंय, तेही तीन जणांकडून.

माझी उंची पाच फूट एक इंच. फर्स्ट इयरला एका सीनियरकडून लेस पॉलच्या आकाराची सेकंडहॅण्ड इलेक्ट्रिक गिटार घेतली. दिसायला झकास! पोस्टरमधल्यासारखी खाली लोंबकळत ठेवून वाजवायची, ही हौस. दोन महिन्यांत डावं मनगट दुखायला लागलं, मग अंगठ्याला मुंग्या. डॉक्टरांनी सहा आठवडे गिटार बंद केली आणि त्यातच गॅदरिंग गेलं. आमचा बॅण्ड स्टेजवर, मी शेवटच्या रांगेत. तेव्हा खरंच वाटलं, दोष माझ्या हातांचाच.

मग एके दिवशी ती गिटार मेसच्या वजनकाट्यावर ठेवली. सव्वाचार किलो! मेसचे काका म्हणाले, "एवढे बटाटे रोज गळ्यात अडकवून उभी राहतेस होय?"

मित्रांनो, आपण इंजिनियर होणार ना? मशीनवर काम करणाऱ्याचं अंग दुखत असेल, तर आधी मशीन तपासायला नको का? फेण्डरच्या टेलिकास्टरच्या कडा अंगाला रुततात, अशी वादकांची तक्रार होती. म्हणून १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला पोटाशी आणि हाताखाली उतार दिला गेला. गंमत म्हणजे लिओ फेण्डरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वाजवणाऱ्यांचं ऐकून घेता येत होतं!

आता थोडं गणित. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची मोजलेली लांबी, म्हणजे स्केल, २५.५ इंच. लेस पॉलची साधारण २४.७५, तर मस्टँगची २४. पहिल्या चार फ्रेट्सचं अंतर काढलं, तर स्ट्रॅट आणि मस्टँगमध्ये जवळजवळ ८ मिलिमीटरचा फरक येतो. लहान हाताला विचारा, ८ मिलिमीटर म्हणजे काय ते! पण नुसत्या स्केलवर जाऊ नका. माझ्या जड गिटारचं स्केल स्ट्रॅटपेक्षा कमीच होतं, तरी खांदा गेलाच.

म्हणून दुकानात आधी रंग बघू नका. गिटार मांडीवर घेऊन बसा आणि डावा हात सोडून द्या. मान खाली कलली, तर ती वाजवताना तुमचा डावा हात हमाली करणार. मग पट्टा लावून उभे राहा. बसल्यावर गिटार जिथे होती, साधारण तिथेच ती राहिली पाहिजे. मान थोडी वर, मनगट शक्य तितकं सरळ. पट्टा रुंद घ्या. आणि दहा मिनिटं वाजवल्याशिवाय पैसे काढू नका, दुकानदार कितीही घड्याळ बघो.

"दुखणारच, सवय होईल" असं सांगणारे भेटतील. बोटांची टोकं सुरुवातीला दुखतात, ती सवयीने टणक होतात, हे खरं. पण मनगट दुखणं आणि मुंग्या येणं म्हणजे सवय नव्हे, ती धोक्याची घंटा आहे. तेव्हा थांबायचं. मी थांबले नाही, म्हणून सहा आठवडे गेले.

आणि हे फक्त मुलींचं रडगाणं नाही हं. आमच्या बॅण्डमधला सहा फुटी ड्रमर माझ्या गिटारवर पोक काढून बसतो आणि मग पाठ धरून उठतो. माप त्यालाही हवंच.

जुनी गिटार विकली. आता २४ इंची, तीन किलोची वापरते. यंदाच्या गॅदरिंगला दोन गाणी खुर्चीवर बसून वाजवणार आहे. पोस्टरसारखी दिसणार नाही, पण शेवटपर्यंत वाजवीन. युकलेलेवाल्या तिघांनी पुढच्या रांगेत बसावं, ही नम्र विनंती.