चेनचा सांधेवाला

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर काळी, दणकट, मागे कॅरिअर असलेली सायकल अजून आहे; तांदळाचे पोते वाहावे तर तिनेच. पण घरातली मुले आता मागतात ती जाड टायरची, २१ गिअरची. आईवडील पोटाला चिमटा घेऊन ती आणतात. वर्षभरात तिचे गिअर अडकू लागतात आणि २१ पैकी एकावरच ती चालू राहते. कारण घेतानाच मुलाला बजावलेले असते, ‘हात नका लावू.’ माझे भांडण या तीन शब्दांशी आहे.

मागच्या चाकापाशी जे यंत्र लोंबत असते त्याचे नाव रिअर डिरेलर. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ रुळावरून उतरवणारा. बल्लारशा जंक्शन पाहिलेल्याला याचे नवल वाटू नये. सांधेवाला सांधा बदलतो आणि गाडी शेजारच्या रुळावर जाते. इथे गाडी म्हणजे चेन आणि रूळ म्हणजे मागच्या चाकावरची लहानमोठी सहा-सात दातेरी चक्रे.

ही चक्रे कशासाठी? पुढचे चक्र ४२ दात्यांचे आणि मागचे १४ चे असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरते. २६ इंची चाकाची सायकल सहा मीटरच्या आसपास पुढे जाते. पुढे २४ आणि मागे २८ दाते घेतले तर त्याच फेऱ्यात जेमतेम पावणेदोन मीटर. पण चढावर पाय मोडत नाहीत. आम्ही बँकवाले याला हप्ता लहान करून मुदत वाढवणे म्हणू. मुद्दल तेवढेच राहते. चढ कुणाला माफ होत नाही. शिवाय २१ गिअर म्हणजे २१ वेगळे वेग नव्हेत. त्यांतले बरेच एकमेकांच्या जवळपास येतात. विक्रेते हे सांगत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आमच्या शेजारची नववीतली मुलगी अशीच बिघडलेली सायकल घेऊन आली. गिअर काढून टाका, चेन एकाच चक्रावर बसवून देतो, असा सल्ला तिला मिळाला होता. मी तिला सीट धरून मागचे चाक उचलायला सांगितले, एका हाताने पेडल फिरवले आणि दुसऱ्या हाताने गिअरची कळ दाबली. ती वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, “आजोबा, हा तं समांतरभुज चौकोन आहे!”

अगदी बरोबर. चार बाजू, चार कोपऱ्यांना खिळी. समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात, म्हणून चौकट तिरपी झाली तरी तिच्या टोकाचे चाक कलंडत नाही, नुसते आतबाहेर सरकते. तार ओढली की चौकट आत, मोठ्या चक्राकडे जाते. तार सोडली की चौकटीतली स्प्रिंग तिला बाहेर, लहान चक्राकडे आणते. खालच्या पिंजऱ्यात दोन छोटी चाके असतात. वरचे चेनला वाट दाखवते. खालचे दुसऱ्या स्प्रिंगच्या जोराने मागे ओढून धरते आणि मोठ्या चक्रावरून लहानावर येताना सुटलेली चेन गोळा करते. हे सारे चेनच्या खालच्या, सैल पदरावर घडते, म्हणून एवढ्याशा ताकदीत भागते. आणि म्हणूनच गिअर बदलताना पेडल फिरत असावे, पण त्यावर उभे राहून जोर देऊ नये.

सायकलशर्यतीच्या जगालाही हे यंत्र सहज पटले नव्हते. ‘टूर द फ्रान्स’चे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते गिअर म्हणजे वय झालेल्यांची सोय. (साठी ओलांडलेल्या माझी त्याला हरकत नाही.) त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली १९३७ साली. १९६४ मध्ये जपानच्या सनटूर कंपनीने चौकट तिरकी बसवली, त्यामुळे वाट दाखवणारे चाक लहानमोठ्या प्रत्येक चक्राच्या जवळ राहू लागले. १९८४ मध्ये शिमानोने कळीच्या प्रत्येक ‘टक्‌’ला ठरावीक लांबीची तार ओढण्याची व्यवस्था बाजारात आणली. आज मुलांच्या सायकलवर असते ती तीच.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आरपार ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. अशा शर्यतीत स्पर्धकाच्या मागे मदतनीसांची गाडी असते. एटापल्लीच्या, भामरागडच्या मुलामागे ती नसते. जंगलातून शाळेला जाणाऱ्या मुलीला वाटेत जे सुधारता येईल तेवढेच सुधारणार. अशा वेळी ‘हात नका लावू’ म्हणजे सायकल ढकलत घरी जा.

त्या मुलीच्या सायकलचा दोष क्षुल्लक होता. नवी तार वापराने थोडी सैल पडते आणि ‘टक्‌’ होऊनही चेन मोठ्या चक्रावर चढायला कचरते. डिरेलरमध्ये तार शिरते तिथे बोटाने फिरणारी एक नळी असते. मागून पाहत ती उलट्या दिशेने अर्धा फेरा फिरवली की तार ताणली जाते. तिने अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने ते जमवले. शेजारच्या दोन बारीक स्क्रूंवर लोक आधी तुटून पडतात, ते मात्र कुंपणाचे खांब आहेत. एक चेनला लहान चक्रापलीकडे पडू देत नाही, दुसरा मोठ्यापलीकडे, चाकाच्या तारांत. तारेचा ढिलेपणा त्यांनी जात नाही.

चंद्रपूरची कोळशाची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल हे या यंत्राचे खरे वैरी. त्यावर आपल्याकडे जळालेले इंजिन ऑइल ओततात. त्यात धूळ बसते आणि चेनला कानस लागल्यासारखी झीज होते. आधी फडक्याने पुसावे, मग थेंब थेंब पातळ तेल, आणि वरचे पुन्हा पुसून टाकावे.

एक दुखणे तेवढे बोटाने बरे होत नाही. सायकल उजव्या अंगावर पडली की डिरेलर ज्या छोट्या कानावर टांगलेला असतो तो वाकतो. अनेक सायकलींवर तो मुद्दाम मऊ धातूचा, वेगळा काढता येणारा असतो. तो वाकतो म्हणून सायकलचा सांगाडा वाचतो. पण वाकल्यावर तार कितीही ताणा, गिअर नीट लागत नाहीत. हट्टाने चालवले तर डिरेलर चाकात जातो. हा कान प्रत्येक सायकलीला वेगळ्या आकाराचा लागतो आणि गावात मिळेलच असे नाही. सायकल घेतानाच त्याच दुकानातून एक जास्तीचा मागून घ्यावा आणि सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवावा.