'ट्रेस'चे बटण आणि दहीहंडीचे थर

खेळाच्या छायाचित्राचे व्हेक्टर चित्र करणे, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या खेळाडूची आकृती रेषा आणि सपाट रंग यांत पुन्हा मांडणे, या कामाविषयी ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत दोन मते सर्रास ऐकू येतात. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेला वर्ग म्हणतो की छायाचित्र खाली ठेवून गिरवणे ही नक्कल आहे, तिला कला म्हणू नये. आणि दहीहंडीच्या तोंडावर पथकाचे टी-शर्ट छापून घ्यायला डीटीपीच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक म्हणते की संगणकात 'ट्रेस'चे बटण असताना या कामाचे वेगळे पैसे कशाला द्यायचे. वरवर पाहता एक पक्ष कलेची बाजू घेतो आणि दुसरा यंत्राची. परंतु छायाचित्रात आकृती आधीच तयार असते आणि ती फक्त उचलून घ्यायची असते, हे गृहीतक दोघांचेही आहे, आणि ते चुकीचे आहे.

छायाचित्र पिक्सेलांचे, म्हणजे चौकोनी रंगठिपक्यांचे, असते. त्यातला एखादा ठिपका खेळाडूच्या कोपराचा की मागच्या प्रेक्षकाच्या शर्टाचा, याची नोंद त्यात कुठेच नसते. व्हेक्टर चित्रात दोन टोकांचे बिंदू, ज्यांना कोरलड्रॉ वापरणारे नोड म्हणतात, आणि वक्राला दिशा देणारे दोन दांडे, म्हणजे हँडल, यांच्या गणितातून रेघ सिद्ध होते. हे गणित सित्रोएन या मोटार कंपनीत पॉल द कास्तल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी मोटारींच्या पत्र्याची वळणे आखण्यासाठी विकसित केले. टी-शर्टवरच्या गोविंदाचा खांदा आज त्याच वक्राने वळतो. अशी रेघ कितीही वाढवली तरी तुटत नाही. याउलट मोबाइलच्या छायाचित्रातून कापून घेतलेला खेळाडू ६०० पिक्सेल उंचीचा भरला आणि तो २० फुटी फ्लेक्सवर उभा केला, तर एकेक पिक्सेल जवळपास एक सेंटिमीटरचा होतो. फ्लेक्स दुरून पाहिला जात असल्याने तेवढे खपून जाते, हे प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य करावे. कापडावर मात्र ते खपत नाही, कारण स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र फ्रेम लागते आणि विनाइल कापणाऱ्या प्लॉटरला सलग रेघच हवी असते.

आता बटणाचा दावा पाहू. कोरलड्रॉमधील पॉवरट्रेस, इलस्ट्रेटरमधील इमेज ट्रेस किंवा मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमागचे पोट्रेस ही साधने जेथे उजेड किंवा रंग एकदम बदलतो तेथे सीमा मानतात. शिक्का, सही, छापील बोधचिन्ह यांच्याबाबत हे बरोबर ठरते आणि बटण चोख काम करते. खेळाच्या छायाचित्रात मात्र उजेडाची सीमा आणि शरीराची सीमा क्वचितच एका जागी येतात. कबड्डीच्या मॅटवर पडलेली सावली आणि चढाईपटूची काळी शॉर्ट साधनाला एकच डाग वाटते. फिरत्या बॅटचा धूसर पट्टा फाटक्या कडांच्या तुकड्यांत उतरतो. घामाने चमकणारा दंड मधोमध दुभंगतो. शिवाय शेकडो नको असलेले नोड पडतात, आणि प्लॉटरने कापलेले बारीक कण विनाइल सोलताना उपटून येतात किंवा थोड्याच धुण्यांत निघून जातात. बटण दाबण्याआधी पार्श्वभूमी काढून टाकणे, रंगछटा तीन-चार पायऱ्यांवर आणणे आणि बारीक दाणे पुसणे या तयारीने निकाल पुष्कळ सुधारतो, हे खरे. पण कोणती छटा ठेवायची आणि कोणती बुडवायची हे पाहणाराच ठरवतो, आणि तेथे बटणाचा दावा संपतो.

या वादाचा खरा निकाल दहीहंडीच्या छायाचित्रावर लागतो. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांची गिनेस नोंद केली आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, तेव्हा तिच्या छायाचित्राला खेळाचे छायाचित्र म्हणायला कोणाची हरकत नसावी. थरांतल्या सर्वांचे टी-शर्ट एका रंगाचे, हात शेजाऱ्याच्या खांद्यात गुंतलेले, अंगावर पाणी; साधनाच्या लेखी हा सारा एकच प्रचंड डाग असतो. जाणता कलाकार येथे पेन टूलने, म्हणजे एकेक नोड हाताने टाकत, आधी संपूर्ण मनोऱ्याची एक बाह्याकृती आखतो आणि मग आतले देह वेगळे करण्यासाठी कापडाचा रंग दिसू देणाऱ्या पोकळ रेघा सोडतो. त्याही सगळीकडे नव्हे: तळाशी पाठी आणि गुंफलेले दंड कळण्यापुरत्या, मध्ये पोटऱ्या आणि वाकलेल्या माना वेगळ्या होण्यापुरत्या, आणि सर्वांत वर हंडीकडे गेलेला हात सुटा दिसण्यापुरत्या. नोड खांदा, गुडघा, टाच अशा वळणाच्या ठिकाणीच ठेवले की थोडक्यात भागते आणि रेघेला ताण येतो. त्यातच रस्त्यावरून वर रोखलेल्या कॅमेऱ्यात तळाचे देह अवाढव्य आणि वरचा गोविंदा इवलासा दिसतो, म्हणून छातीवरच्या छपाईसाठी वरचे थर मोठे करून घ्यावे लागतात. छायाचित्राशी थोडी बेइमानी केल्याशिवाय थर खरे वाटत नाहीत, ही गोष्ट नक्कल म्हणणाऱ्यांनी विचारात घ्यावी.

तयार चित्रे विकत मिळतातच की, हा तिसरा आक्षेप फार टिकणारा नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे याने शालेय सामन्यात ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता; तयार चित्रसंचातला रुंद खांद्यांचा प्रौढ फलंदाज त्या खेळीसाठी वापरला तर नाव त्याचे आणि देह भलत्याचाच, असा प्रकार होतो.

नकलेच्या आरोपाला जुने उत्तरही आहे. अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल संघटनेचे १९६९ चे बोधचिन्ह ॲलन सीगल यांनी, वेन रॉबर्ट्स यांनी टिपलेल्या खेळाडू जेरी वेस्टच्या छायाचित्रावरून केले. त्या पांढऱ्या आकृतीला डोळे-नाक नाही, तरी चेंडू घेऊन निघालेल्या देहाचा झोक तिच्यात अचूक आहे. रॉबर्ट्स यांनी क्षण निवडला आणि सीगल यांनी त्यातले काय टाकायचे ते निवडले. दोन्ही निवडी वेगळ्या आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा हलकी ठरत नाही.

परंतु या मंडनातून ट्रेस केले की चित्र सर्वस्वी आपले झाले, असा उलटा निष्कर्ष काढणेही चूक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती असून तिच्यावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि वृत्तपत्रातले छायाचित्र न विचारता गिरवणाऱ्याला त्यातून आपोआप सूट मिळत नाही. नायकीच्या जंपमॅन चिन्हावरून छायाचित्रकार याकोबस रेन्टमेस्टर यांनी लावलेल्या दाव्यात २०१८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, पण त्या कंपनीने रेन्टमेस्टर यांच्या १९८४ च्या छायाचित्रासारखी उडी घेतलेल्या बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचे स्वतःचे छायाचित्र काढून घेतले होते आणि चिन्ह त्यावरून केले होते. गोविंदा पथकांना हा मार्ग अधिकच सोपा आहे, कारण सराव हंडीच्या आधी कित्येक दिवस चालतो. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून, मधल्या थराच्या उंचीवरून काढलेल्या छायाचित्रात परवानगीचा प्रश्न पथकाच्या घरातच मिटतो आणि वरचे थर मोठे करण्याचे कामही बरेच कमी होते.