छोट्या पुलीचा मोठा भ्रम

लोटस एक्सिज एस घेतलेला माणूस वर्षभराच्या आत एकच प्रश्न विचारू लागतो. अजून 20 हॉर्सपॉवर कशी काढायची? उत्तर द्यायला मंडळी टपलेलीच असतात: सुपरचार्जरची पुली लहान करा, विषय संपला. मला या सल्ल्याची चीड आहे.

आधी गाडी काय आहे ते बघा. इंग्लंडातल्या नॉरफोकमधल्या हेथेलला बनलेली, वजन साधारण 935 किलो. पाठीमागे टोयोटाचं 1.8 लिटरचं इंजिन, त्यावर ईटनचा एम62 सुपरचार्जर, ताकद सुमारे 220 हॉर्सपॉवर. हे इंजिन मुळात सुपरचार्जरविना चालण्यासाठी घडवलेलं. त्याचं 11.5 ला 1 असं चढं कॉम्प्रेशन लोटसने तसंच ठेवलं आणि दाब बेताचा दिला. म्हणजे चुकायला जागा आधीच कमी.

आता पुली लहान केली की सुपरचार्जर जास्त वेगाने फिरतो, हे खरं. पण हा रूट्स जातीचा पंखा. तो हवा स्वतःच्या पोटात दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो, आणि वेग वाढला की ती जास्तच तापवतो. साधा हिशोब करा. बाहेर 20 अंश आहेत आणि अर्धा बार जादा दाब द्यायचा आहे. आदर्श यंत्रातही हवा 36 अंशांनी तापेल. यंत्राची कार्यक्षमता 60 टक्के धरली तर 60 अंशांनी. म्हणजे 80 अंशांची हवा बाहेर पडते, आणि पुली लहान केली की त्याहून वर. तापलेली हवा विरळ असते, शिवाय त्यात पेट्रोल अवेळी पेटतं. सेन्सरला ती खडखड कळते, संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि पैसे मोजून आणलेली ताकद परत जाते. पंखा फिरवायला इंजिनाचीच जास्त ताकद खर्च झाली ती वेगळीच.

पण डायनोच्या कागदावर आकडा वाढलेला दिसतो ना? दिसणारच. झाकण उघडं, समोर दांडगा पंखा, काही सेकंदांची एक धाव. तोच कागद चौकटीत घालून गॅरेजच्या भिंतीवर जातो. ट्रॅकवरच्या तिसऱ्या फेरीत, इंजिनाच्या डोक्यावर बसलेला इंटरकूलर तापून निघाल्यावर काय उरतं, ते कोणी चौकटीत लावत नाही.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो, की कंपनी इंजिनात थोडी ताकद राखून ठेवते, ती आपण वापरायची. राखून ठेवते, मान्य. पण कशासाठी? खराब पेट्रोलसाठी, कडक उन्हाच्या दिवसासाठी, तेल बदलायला विसरणाऱ्या मालकासाठी. ती अडीअडचणीची पुंजी आहे, सापडलेलं पाकीट नव्हे. खुद्द लोटसने 240 हॉर्सपॉवरची एक्सिज काढली तेव्हा छपरावरचा हवेचा मार्ग मोठा केला, मोठे इंजेक्टर दिले, इंधनाचा पंप बदलला. ज्यांनी गाडी बनवली त्यांना थंडावा आणि इंधन वाढवावं लागलं, आणि आपल्या गल्लीतल्या उस्तादाचं एका पुलीवर भागतं!

आणि वजनाचं काय? 935 किलोच्या गाडीत 20 हॉर्सपॉवर वाढवणं आणि 80 किलो उतरवणं, दोन्हींतून ताकद-वजनाचं गुणोत्तर जवळपास तेच येतं. 80 किलो उतरवणं सोपं नाही, हे मी जाणतो. पण जितकं उतरेल त्याचा फायदा वळणावर होतो, ब्रेकवर होतो, टायरला होतो. पुलीचा यातल्या कशालाच होत नाही. 1996 ची पहिली एलिस रोव्हरच्या इंजिनावर जेमतेम 118 हॉर्सपॉवरची होती, वजन सव्वासातशे किलोच्या आसपास. तिच्यावर लोक फिदा झाले ते आकड्यामुळे नव्हे. कॉलिन चॅपमनने आयुष्यभर वजनाशी वैर धरलं. त्याचं नाव टी-शर्टवर मिरवणारेच पुलीची ऑर्डर देतात, हे पाहून हसावं की रडावं?

ताकद वाढवू नका असं मी म्हणत नाही. शौक आहे, जरूर करा. आधी हवा थंड करा, मग इंधन पुरेल ते बघा, मग जाणकाराकडून मॅप बसवून घ्या, आणि पुली अगदी शेवटी. ट्यूनरकडे आकडा मागू नका, तिसऱ्या फेरीत इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानाची नोंद मागा. ती दाखवता आली नाही, तर पैसे खिशात ठेवून घरी या.