एक ‘मर्यादा’ आणि पांच इंग्रजी शब्द

इंग्रजी उताऱ्याचें मराठी भाषांतर करतांना आमचे विद्यार्थी एका शब्दावर फार भार टाकतात. तो शब्द ‘मर्यादा’. लिमिट आलें कीं मर्यादा, लिमिटेशन आलें कीं मर्यादा, रिस्ट्रिक्शन व रिस्ट्रेंट यांसहि तीच. एका किल्लीनें घरांतील सारीं कुलुपें उघडूं पाहणाऱ्या मनुष्यासारखी ही गत आहे. इंग्रजी कठीण म्हणून असें होतें, हें मला मान्य नाहीं. आपण आपल्या मराठीकडेच पुरतें पाहत नाहीं, हें खरें कारण होय.

लिमिट हा शब्द ज्या लॅटिन ‘लिमेस’पासून निघाला, त्याचा जुना अर्थ दोन शेतांमधला बांध किंवा बांधावरची वाट असा आहे. पुढें रोमन साम्राज्याच्या सरहद्दीसहि तेंच नांव मिळालें. खानदेशांतील शेतकऱ्याच्या मुलास हा शब्द समजावयास कोश कशाला हवा? शेताला बांध, गांवाला शीव, तालुक्याला हद्द, राज्याला सरहद्द, अशी आपली शब्दसंपत्ति आहे. १९०६ सालीं खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, आणि तेच पुढें जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले. तेव्हां बदलली ती हद्द. कोणाच्या जाण्यायेण्यावर निर्बंध आला नाहीं.

हे सारे भेद एके ठिकाणीं पाहावयाचे असतील तर पांझरेच्या कांठची फडपद्धति पाहावी. ही पद्धति शेंकडों वर्षांची. पुष्कळ ठिकाणीं ती आतां मोडली आहे, तरी वडील मंडळींस ती ठाऊक असते. नदीवर बंधारा घालून पाटानें पाणी आणावयाचें, पाटाखालची जमीन फडांत वांटावयाची, आणि एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, असा तिचा क्रम. फडाची कड ही लिमिट. पाटाच्या वरच्या अंगाच्या जमिनीस पाणी चढत नाहीं, ही त्या पाटाची लिमिटेशन. ती कोणीं घातलेली नव्हे, त्याच्या अंगचीच आहे. या फडांत यंदा ऊस लावावयाचा नाहीं असा लाभधारकांचा ठराव झाला, तर ती रिस्ट्रिक्शन. माणसांनीं घातलेली आणि माणसांस उठवितां येणारी. पाटकरी दृष्टीआड असतां शेजाऱ्याच्या पाळीचें पाणी आपल्या शेतांत न वळविणें हें रिस्ट्रेंट. आणि पावसानें ओढ दिली, नदी आटली, म्हणून एखादा फड कोरडा ठेवणें भाग पडलें, तर तें कन्स्ट्रेंट. यास मराठींत ‘नाइलाज’ म्हणतात. ‘आमचे हात बांधलेले आहेत’ असेंहि आपण म्हणतों, आणि गंमत अशी कीं त्या इंग्रजी शब्दाचा लॅटिन धातूहि ‘एकत्र बांधणें’ याच अर्थाचा आहे.

रिस्ट्रिक्शन व रिस्ट्रेंट हीं तर सख्खीं भावंडें. ‘मागें आवळून बांधणें’ अशा अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदापासून दोन्ही निघालीं. दुसरें फ्रेंचच्या वाटेनें आलें. पहिलें बाहेरून येतें, दुसरें बहुधा आंतून. ‘बहुधा’ म्हणण्याचें कारण, कोर्ट एखाद्यास रिस्ट्रेन करतें तेव्हां तेथें संयम नसून मनाई हुकूम असतो. मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा आहे. एका इंग्रजी शब्दापुढें अनेक मराठी शब्द देण्याचे कष्ट त्यांनीं घेतले. आमचा विद्यार्थी कोणत्याहि कोशांतला पहिला शब्द उचलतो आणि पुस्तक मिटतो.

यांत केवळ परीक्षेचे गुण जात असते तर इतकें लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु कोर्टाच्या कागदांत लिमिटेशन म्हणजे ‘मुदत’. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें उसन्या दिलेल्या पैशाचा दावा साधारणतः तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो. मुदत टळली म्हणजे कर्ज नाहींसें होत नाहीं. कोर्टांतून तें वसूल करण्याची वाट तेवढी बंद होते. बापास तो कागद वाचून दाखविणाऱ्या मुलानें तेथें ‘मर्यादा’ म्हटलें, तर बापानें काय समजावें?

त्याहूनहि मोठी गोष्ट राज्यघटनेची. तिच्या १९ व्या अनुच्छेदांत भाषणस्वातंत्र्यादि हक्क आहेत, आणि त्यांवर कायद्यानें ‘वाजवी निर्बंध’ घालतां येतात असेंहि आहे. निर्बंध म्हटला कीं तो कोणीं घातला, कशासाठीं घातला, वाजवी आहे कीं नाहीं, हे प्रश्न उभे राहतात, आणि ते न्यायालयांतहि नेतां येतात. मर्यादा म्हटली कीं मान आपोआप खालीं जाते. कारण मर्यादा पाळणें हें आपल्याकडे चांगल्या वागणुकीचें लक्षण मानलें आहे. मला स्वतःला निर्बंध हाच शब्द तेथें हवा, दुसरा नको. २०२० सालच्या साथींत वर्तमानपत्रांनीं ‘निर्बंध शिथिल’ असें छापलें, तें बरोबर होतें. मर्यादा कोणी शिथिल करीत नाहीं, ती सुटते किंवा ओलांडली जाते.

पालकांस एक शंका नेहमीं पडते, तिचाहि येथें उलगडा करतों. सहकारी संस्थांच्या पाटीवर नांवाच्या शेवटीं ‘मर्यादित’ असतें, तें सभासदाच्या जबाबदारीविषयीं. संस्था बुडाली तरी तिच्या देण्यापायीं सभासदास ठरलेल्या रकमेपलीकडे भरावें लागत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. संस्थेच्या सचोटीविषयीं त्या पाटीवर बरेंवाईट कांहींच लिहिलेलें नसतें.