शपथा मोजाव्यात की पंचनामे तपासावेत?

दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, सरदार पटेलांची जयंती ज्या आठवड्यात येते त्या सुमारास, सरकारी कार्यालयांतून दक्षता जनजागृती सप्ताह पाळला जातो. सत्यनिष्ठेची प्रतिज्ञा होते, फलक लागतात, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक सांगितला जातो. नेमक्या त्याच दिवसांत मुरबाड, शहापूर व कल्याण तालुक्यांतील भात कापणीस आलेले असते. परतीच्या पावसाने ते आडवे झाले, की शेतकरी पंचनाम्याची वाट पाहत बांधावर उभा राहतो.

सप्ताहाच्या अहवालात व्याख्याने किती झाली व शपथ किती जणांनी घेतली, यांचे आकडे असतात. बियाणे किती वाटले यावरून उत्पन्न ठरविण्याचाच हा प्रकार होय. लाचेचे सापळे मोजूनही फारसे कळत नाही. सापळे वाढले म्हणजे लाच वाढली असेल, किंवा तक्रार करण्याचे धैर्य वाढले असेल.

कागद ताडून न पाहिल्यास काय होते, हे डोंबिवलीने पाहिले आहे. तेथील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. महानगरपालिकेच्या बनावट परवानगीपत्रांच्या आधारे त्यांची महारेराकडे नोंदणी झाली होती. घर घेणारी कुटुंबे नोंदणी पाहून विसंबली.

शेतीत सचोटीची कसोटी ३३ या आकड्यावर लागते. नैसर्गिक आपत्तीत मदत मिळण्यास पिकाचे ३३ टक्के वा अधिक नुकसान व्हावे लागते. पंचनाम्यात ३० लिहिले तर शेतकऱ्याच्या हाती काही नाही, ३५ लिहिले तर मदत. हा आकडा लिहिणारे ग्राम महसूल अधिकारी (गावात त्यांस अद्याप तलाठीच म्हणतात) आणि कृषी व ग्रामपंचायतीचे कर्मचारी शपथेस जागले की नाही, ते येथेच तपासावयास हवे.

रीत घरचीच आहे. पीककापणी प्रयोगात शेत कोणाच्या मर्जीने निवडले जात नाही. डॉ. सुखात्मे व डॉ. पानसे यांनी १९४० च्या दशकात या यादृच्छिक निवडीस शास्त्रीय बैठक दिली. त्याच रीतीने प्रत्येक मंडळातील काही पंचनामे निवडावेत. भात उचलण्यापूर्वी दुसऱ्या तालुक्यातील पथकाने, पहिला आकडा न पाहता, नुकसान पुन्हा पाहावे. प्रशिक्षण झालेले मंडळ व न झालेले मंडळ यांतील फरक मग दिसू लागेल. प्रशिक्षणानंतरही फरक न पडल्यास तसे स्पष्ट लिहावे. फसलेले प्रात्यक्षिकही नोंदवहीत लिहावयाचे असते.

३३ च्या किंचित वर आकड्यांची दाटी आढळली, तर लगेच लाचेचा संशय घेऊ नये. एखादा कर्मचारी गरिबाकडे पाहून ३१ चे ३४ करतो. मात्र ही दया लहान खातेदारास व वजनदार खातेदारास सारखीच लाभते काय, हे पाहावे. वजनदारांच्याच शेतात आकडा चढत असेल, तर ती दया नव्हे.

एक तपासणी गावासही करता येण्याजोगी आहे. पंचनाम्यांची यादी, टक्केवारीसह, मदतीचा प्रस्ताव वर जाण्यापूर्वी ग्रामसभेत वाचली जावी. शेजारच्या शेतात पाणी किती दिवस साचले होते, हे तेथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक असते.